आधी तो वजनकाटा माळ्यावर टाका

प्रश्न: माझी मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत आहे. 2022 मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल पाहिली आणि तिला फुटबॉलचं वेड लागलं. मिडफिल्डला खेळते, विभागीय स्पर्धेपर्यंत गेली आहे. ह्यांचं म्हणणं, अकरावीपासून ओपन स्कूल घेऊन परराज्यातल्या अकॅडमीत टाकू. मला वाटतं, सायन्स घेऊ दे. हे रोज सकाळी तिचं वजन करून वहीत लिहितात. रात्री भात-पोळी बंद, फक्त वाटीभर मोडाची मटकी. गोल किती झाले तेही त्याच वहीत. (चार महिने पाळी आलेली नाही, पण खेळणाऱ्या मुलींचं असं होतंच, असं मैदानावरच्या बायका म्हणतात.) मॅचचा व्हिडिओ सोबत पाठवते. मी पत्र लिहिलंय हे ह्यांना ठाऊक नाही. काय निवडावं?
– एक आई, ऐरोली

उत्तर: ताई, पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंत. ओपन स्कूल की सायन्स, हे दहावीचा निकाल लागेपर्यंत थांबेल. ते कंसातलं थांबणार नाही. याच आठवड्यात लेकीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या, आणि ती वहीही न्या. रोजचं वजन आणि रात्रीचं जेवण डॉक्टरांना कळू दे.

‘खेळणाऱ्या मुलींचं असं होतंच’ हा समज फार पसरलाय आणि तो घातक आहे. जेवढी ताकद खर्च होते तेवढं अन्न पोटात गेलं नाही, की शरीर काटकसर सुरू करतं, आणि पाळी थांबणं ही त्या काटकसरीची ठळक खूण असते. त्याबरोबर इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं. हाडं भरायला तेच लागतं, आणि हाडं भरायची वर्षं हीच आहेत. आता राहिलेली कसर पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही. अशा मुलींच्या नडगीला, पावलाला बारीक फ्रॅक्चर होतात आणि अख्खा मोसम जातो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ (खेळाडूच्या शरीरातली ऊर्जेची तूट) असं नाव दिलं. तुमच्या मुलीच्या बाबतीत थायरॉइड किंवा दुसरंही कारण निघू शकेल, ते डॉक्टर तपासून सांगतील. पण ‘होतंच’ म्हणून सोडून देऊ नका.

त्यात ती मिडफिल्डर. वरच्या पातळीवरची मिडफिल्डर एका मॅचमध्ये दहा किलोमीटरच्या आसपास धावते. संध्याकाळी सराव करून आलेल्या पोरीला वाटीभर मटकीवर झोपवायचं? मटकी चांगलीच आहे, पण तिच्यासोबत भात हवा, पोळी हवी, वरण, दूध, चालत असेल तर अंडं, मासे हवेत. आणि घरातला वजनकाटा आजच माळ्यावर टाका.

व्हिडिओ मी तीनदा पाहिला. पाठमोरी उभी असताना तिच्याकडे पास येतो. बॉल पायात येण्याआधी ती दोनदा मान वळवून मागे पाहते. समोरची मुलगी अंगावर येते तेव्हा हिला ते आधीच माहीत असतं. एका टचमध्ये बॉल उजवीकडच्या मोकळ्या मुलीला. सुंदर. आणि त्याच क्षणी कॅमेऱ्यामागून तुमच्या यजमानांचा आवाज येतो, “अगं, पुढे मार ना!” तिची मान लगेच कॅमेऱ्याकडे वळते. पुढचा पास तिच्या हातून चुकतो.

त्यांच्या वहीत त्या दिवशी गोल शून्य असेल. वाया गेलेल्या पासचं कारण कुठल्या रकान्यात लिहिलंय?

ते कदाचित संगीता बासफोरचं नाव सांगतील. जुलै 2025 मध्ये थायलंडला 2-1 ने हरवून भारताचा महिला संघ पहिल्यांदाच पात्रता फेरीतून आशियाई चषकात गेला, त्यातले दोन्ही गोल मिडफिल्डर संगीताचे. खरं आहे. पण मिडफिल्डरचं रोजचं काम म्हणजे बॉल राखणं, खेळाचा वेग ठरवणं, समोरच्यांचा हल्ला मध्येच तोडणं. हे त्या वहीत मावत नाही. तिला कुठे खेळवायचं ते कोचला ठरवू द्या.

हीच संगीता सशस्त्र सीमा बलात नोकरी करते. भारताकडून खेळलेली मिडफिल्डर इंदुमती कथिरेसन तमिळनाडू पोलिसांत उपनिरीक्षक आहे. आपल्याकडे मुलींच्या फुटबॉलमधलं अर्थकारण अजून असं आहे. इंडियन विमेन्स लीग 2017 मध्ये सुरू झाली. 2023 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने ठरवलं की लीगमधल्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान 3 लाख 20 हजारांचा करार द्यावा. पूर्वीपेक्षा नक्कीच बरं, पण एवढ्यावर पंधराव्या वर्षी शाळा सोडायची नसते. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, तिथेही चांगल्या पदांना पदवी लागतेच. मनीषा कल्याण 2022 मध्ये सायप्रसच्या क्लबात गेली, तसा रस्ताही आहे. पण तो बहुधा भारताकडून खेळायला लागल्यावरच उघडतो.

म्हणून दोन वर्षं घरीच राहू दे. ओपन स्कूल वाईट नाही, पण पंधराव्या वर्षी घरापासून लांब आणि जेवणाची अशी सवय घेऊन अकॅडमीत पाठवणं मला मुळीच मान्य नाही. कॉमर्स किंवा आर्ट्स घ्या, सरावाला वेळ उरेल असं जवळचं कॉलेज बघा. सायन्स घेऊन मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेचा अभ्यास आणि रोजचा सराव एकत्र निभावणं फार थोड्यांना जमतं. सायन्स तिला स्वतःला हवं असेल तरच.

तिला हवं असेल तर, असं मला लिहावं लागतंय, कारण एवढ्या पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. ह्यांचं म्हणणं आहे, तुमचं वाटणं आहे. ती काय म्हणते? यजमानांशी आजच बोला. चोरून लिहिलेल्या पत्राने तिचं जेवण बदलणार नाही. भांडण होईल, होऊ दे. डॉक्टरांचा कागद हातात आला की तुमची बाजू भक्कम होईल.

मग तिला माझ्याकडे घेऊन या. तुम्ही दोघं बाहेर बसाल. तो व्हिडिओ मला तिच्यासोबत, आवाज बंद करून पाहायचा आहे. मान वळवून दोनदा मागे पाहिलं तेव्हा तिला काय दिसलं होतं, ते तिच्याच तोंडून ऐकायचंय.