इस्रायलमध्ये शनिवारी खरंच सगळं बंद असतं का?

सगळं नाही, पण बरंचसं. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसल्या की संपतो. जेरुसलेममध्ये त्याआधी भोंगा वाजतो. रेल्वे थांबते, बहुतेक शहरांतल्या बस थांबतात, एल अल या इस्रायली कंपनीची विमानंही उडत नाहीत. हैफात मात्र काही बस चालतात, आणि तेल अवीवमध्ये कॅफे भरलेले असतात.

याचं मूळ 1947 सालच्या एका पत्रात आहे. राज्य स्थापन होण्याआधी ज्यू नेते (पुढे पहिले पंतप्रधान) बेन-गुरियन यांनी धार्मिक पक्षाला कळवलं, की शनिवार हाच अधिकृत सुट्टीचा दिवस राहील. शनिवारच्या या बंदवरचा वाद आजही मिटलेला नाही. माझ्या मते, गाडी नसलेल्या माणसाला त्याची झळ सर्वांत जास्त बसते.

धार्मिक घरांत त्या दिवशी विस्तव पेटवत नाहीत, विजेचं बटणही दाबत नाहीत. म्हणून मांस, बटाटे आणि कडधान्यांचं हामीन शुक्रवारीच मंद आचेवर चढतं आणि शनिवारी दुपारी गरम वाढलं जातं. आपल्या कोकणातले बेने इस्रायली (मराठी ज्यू) तेलीही शनिवारी घाणा बंद ठेवत, त्यावरूनच त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

फिरायला जाणार असाल तर शुक्रवारी दुपारपूर्वीच खरेदी उरका. रविवारी सगळं नेहमीसारखं सुरू असतं.