आरसी, म्हणजे रिमोटवर उडवायचं, विमान उलटं करून जमिनीला लागून कसं काय उडवतात?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. उलट्या विमानाचा रडर, म्हणजे शेपटीवरची नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी पट्टी, गवताला घासत जातो ते व्हिडिओ खरे असतात का, विमान उलटं झाल्यावर त्याला वर कोण धरून ठेवतं, आणि तुमच्याकडे जे हाय-विंग ट्रेनर, म्हणजे पंख धडाच्या वर असलेलं शिकाऊ विमान, आहे त्यावर हे शिकता येईल का.

व्हिडिओ खरे असतात. त्यात कॅमेऱ्याची हातचलाखी नसते. थ्रीडी, म्हणजे अगदी कमी वेगातल्या टोकाच्या कसरती, करणारा एखादा मुरलेला हात तुमच्या ओळखीत असेल तर सकाळी त्याच्या मैदानावर जाऊन उभे राहा. व्हिडिओत जे कळत नाही ते तिथे कळतं. मला या प्रकाराचं अतोनात वेड आहे आणि यावर मराठीत फार कुणी लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी विमान पडत का नाही ते बघू. पंखाचा वरचा भाग फुगीर असतो म्हणून विमान उडतं, असं आपल्याला शाळेत सांगितलेलं असतं. ते पुरतं खरं असतं तर उलटं झाल्यावर विमान थेट जमिनीत घुसलं असतं. पंख हवेला खाली ढकलतो म्हणून स्वतः वर उचलला जातो, आणि त्यासाठी त्याने हवेला योग्य कोनात भिडणं महत्त्वाचं. उलट्या विमानाचं नाक थोडं वर धरलं की पंख पुन्हा त्या कोनात येतो आणि काम सुरू होतं. सपाट पोटाच्या पंखाला उलटं असताना हा कोन बराच जास्त लागतो, त्यामुळे विमान रडतखडत उडतं. दोन्ही बाजूंनी सारखाच फुगीर, म्हणजे सिमेट्रिकल पंख असेल तर त्याला सुलटं काय आणि उलटं काय, सारखंच. एक्स्ट्रा 300 किंवा एज 540 या खऱ्या कसरतीच्या विमानांचे पंख असे असतात, आणि त्यांची मॉडेल्स आपल्या छंदात इतकी दिसतात त्याचं एक कारण हेच.

माणसाने हे फार लवकर करून पाहिलं. सप्टेंबर 1913 मध्ये फ्रान्सच्या आडोल्फ पेगूने ब्लेरिओ विमान मुद्दाम उलटं करून उडवलं. त्याआधी जमिनीवरच उलट्या ठेवलेल्या विमानात स्वतःला बांधून घेऊन त्याने सवय केली होती. जमिनीलगतचं म्हणाल तर अमेरिकेच्या बेटी स्केल्टन यांचं नाव घ्यावंच लागतं. जमिनीपासून जेमतेम 10 फुटांवर ताणलेली फीत उलट्या विमानाने कापणाऱ्या त्या पहिल्या महिला वैमानिक. त्यांचं ‘लिटल स्टिंकर’ हे पिट्स विमान वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या उडवार-हेझी केंद्रात आजही उलटंच टांगलेलं आहे. आपल्या मॉडेलच्या छंदात दोन काठ्यांमध्ये फीत बांधून तिच्याखालून उलटं जाण्याचा जो खेळ चालतो, तो या परंपरेतलाच.

आता हाताकडे येऊ. विमान उलटं झालं की एलेरॉन, म्हणजे विमान कुशीवर झुकवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या, तसेच राहतात: रिमोटवरची स्टिक उजवीकडे दिली की विमान उजवीकडेच झुकतं आणि उजवीकडेच वळतं. एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीवरची आडवी पट्टी, आणि रडर मात्र उलटे होतात. वर जायचं तर एलिव्हेटरची स्टिक पुढे ढकलायची, खेचली की विमान खाली. वळताना उजवा एलेरॉन दिलात तर रडर डावा द्यायचा. कागदावर हे अर्ध्या मिनिटात पाठ होतं. घोळ होतो तो घाबरल्यावर. विमान खाली येताना दिसलं की अंगठा आपोआप स्टिक खेचतो, कारण महिनोन्महिने त्याला तेच शिकवलेलं असतं. उंचावर त्याने काही बिघडत नाही. जमिनीलगत ते शेवटचं ठरतं.

लोक म्हणतात की याला विजेसारखे हात लागतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते हिशेबाने दाखवतो. समजा विमान सेकंदाला 15 मीटर वेगाने, म्हणजे ताशी 54 किलोमीटरने, जमिनीपासून 1 मीटरवर उलटं चाललंय. नाक 20 अंश खाली झुकलं तर ते सेकंदाला सुमारे 5 मीटर वेगाने खाली येऊ लागतं. मधलं 1 मीटर अंतर संपायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. डोळ्याने पाहून हात हलवायला चांगल्या तरुण माणसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे चूक झाल्यावर ती सुधारायला वेळच नसतो. जे लोक हे सहज करताना दिसतात त्यांचा अंगठा नाक झुकायच्या आधीपासून हलका पुढेच असतो. त्यांचं विमानही असं जुळवलेलं असतं की त्याला नाक झुकवायची फारशी इच्छाच होत नाही. निम्मं काम घरी टेबलावर आणि उरलेल्यातलं बरंचसं शंभर फुटांवर झालेलं असतं.

हे जुळवणं म्हणजे मुख्यतः सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य. विमान नाकाकडे जड असेल तर सुलटं असताना ते शांत वाटतं, पण उलटं झालं की सतत जमिनीकडे ओढतं आणि तुम्हाला स्टिक दाबून धरावी लागते. याची परीक्षा सोपी आहे. भरपूर उंचीवर विमान 45 अंशात वर चढवा, त्याच रेषेत अर्धा रोल (स्वतःच्या लांबीभोवती गिरकी) देऊन उलटं करा आणि एलिव्हेटरवरून अंगठा काढा. रेष चटकन जमिनीकडे वाकली तर बॅटरी 5 मिलिमीटर मागे सरकवा आणि पुन्हा बघा. रेष तशीच राहिली किंवा अगदी सावकाश खाली आली की थांबा. उलटं असताना विमान आपण होऊन वर चढू लागलं तर शेपूट जड झालंय. ते वाऱ्यात आणि उतरताना त्रास देईल, तेव्हा बॅटरी परत थोडी पुढे घ्या. बॅटरी नेमकी कुठे बसली ते फ्यूजलाजमध्ये, म्हणजे धडात, मार्करने रेघ मारून ठेवावं. पुढच्या वेळी घाईत वेल्क्रो लावताना ती रेघ उपयोगी पडते.

काही जण यासाठी रेडिओवर, म्हणजे रिमोटवर, स्विचने बदलणारा वेगळा फ्लाइट मोड करतात आणि त्यात एलिव्हेटरला डाउन ट्रिम, म्हणजे कायमचा थोडा खालचा कल, देतात, म्हणजे उलटं विमान हात सोडला तरी हळूहळू चढत राहतं. मी शिकणाऱ्याला हे सांगत नाही. तो स्विच परत करायचा राहिला आणि विमान सुलटं झालं, की तेच ट्रिम त्याला खाली नेतं. सीजी नीट असेल तर त्या स्विचची गरज पडत नाही. रेट, म्हणजे पूर्ण स्टिकला पट्टी किती हलावी याचं माप, मात्र दोन ठेवा. एलिव्हेटर 10-12 अंश हलेल असा लो रेट आणि 40-45 अंशांचा थ्रीडी रेट, या दुसऱ्या, हाय रेटवर 50 ते 60 टक्के एक्सपो, म्हणजे स्टिक मध्याजवळ मऊ करणारी मांडणी. जमिनीलगतचा सराव लो रेटवर.

आता तुमच्या त्या गवताला घासण्याबद्दल. उलट्या विमानात सगळ्यात खाली असतो तो फिन, म्हणजे शेपटीचा उभा पंख, आणि त्याला लावलेला रडर. वेगात असताना विमान जवळजवळ आडवं राहतं, त्यामुळे फिन आणि जमीन यांत बऱ्यापैकी जागा राहते. वेग कमी केला की नाक वर, शेपूट खाली, आणि रडरचं टोक आधी टेकतं. मुरलेले उडवणारे हेच मुद्दाम करतात. टेकताक्षणी काय होतं ते मात्र नीट समजून घ्या. गवत शेपटीला मागे ओढतं आणि जमीन शेपटीला वर ढकलते. ओढ लागते ती विमानाच्या गुरुत्वमध्याच्या खाली, म्हणून दोन्ही जोर नाकाला जमिनीकडेच फिरवतात. पळताना ठेच लागून माणूस तोंडावर पडतो, तोच प्रकार. म्हणून टेकायच्या आधीच थ्रॉटल किंचित वाढवलेला आणि स्टिक जराशी जास्त पुढे ढकललेली असावी लागते. आणि रडर टेकत असेल तर रडरचा सर्व्हो, म्हणजे तो हलवणारी छोटी मोटर, मेटल गिअरचाच हवा. प्लास्टिकचे दात एका धक्क्यात जातात. दात गेल्याचं कधी कधी पुढच्या उड्डाणात कळतं, म्हणून घासून झालं की उतरवून रडर बोटाने हलवून पाहावा. मध्ये कुठे अडखळला किंवा मोकळा फिरला तर त्या दिवशी ते विमान पुन्हा वर नेऊ नये.

उंचीचा अंदाज ही वेगळीच विद्या आहे. विमान लांब गेलं की ते एक मीटरवर आहे की तीन, हे डोळ्यांना सांगता येत नाही. म्हणून समोरून, आपल्याला समांतर रेषेत, जवळच्या टप्प्यातच खाली आणावं. दोन्ही टोकांना गेलं की उंच घ्यावं. ऊन डोक्यावर असताना सावलीचा मोठा आधार मिळतो: विमान खाली येतं तशी सावली त्याच्याजवळ सरकत येते, आणि दोघांमधलं अंतर बघून उंची कळते. पण दुपारी आपल्या माळावर भोवरे उठतात, त्यामुळे मी दहाच्या आतलीच वेळ धरतो आणि सावली जरा तिरकी पडते हे गृहीत धरतो. पंखाच्या वर आणि खाली रंग वेगळे करा. वरून एकरंगी, खालून जाड काळे-पांढरे पट्टे. मागे झाडी असेल तर गडद विमान तिच्यात हरवून जातं, आणि उलटं की सुलटं हा गोंधळ तिथेच सुरू होतो.

बाहेर पडायची पद्धत आत जायच्या आधी पक्की करा. खाली असताना थेट रोल देऊन सुलटं करू नये. रोलच्या मध्यावर विमान आडव्या कुशीवर येतं, तेव्हा पंखाचं टोक जमिनीकडे असतं. दीड मीटर पंखाच्या विमानाला तिथेच पाऊण मीटर जागा लागते, आणि वर उचलणारा पंख त्या क्षणी काहीच उचलत नसतो. आधी ढकलून वर चढा, मग रोल. शंभर फुटांवर प्रत्येक उलट्या फेरीचा शेवट असाच केलात तर खाली आल्यावर वेगळा विचार करावा लागत नाही. शंभरावर फेरीभर उंची हलली नाही की पन्नास, मग तीस. पुढचा टप्पा कधी घ्यायचा हे अंगठ्याला विचारा: वाऱ्याचा धक्का बसल्यावर तो विचार न करता पुढे गेला, तरच. याचा बराचसा सराव रिअलफ्लाइटसारख्या सिम्युलेटरवर होतो, आणि तिथे तुटलेलं विमान फुकटात परत मिळतं.

ग्लो इंजिन, म्हणजे इंधनावर चालणारं छोटं इंजिन, वापरणाऱ्यांसाठी एक जोड. टाकीच्या आत नळीच्या टोकाला वजन असतं, त्याला क्लंक म्हणतात. विमान उलटं झालं की इंधन ज्या बाजूला जातं त्याच बाजूला क्लंकही पडतो, म्हणून इंजिन चालू राहतं. नळी कडक झाली असेल तर क्लंक अडकतो आणि इंजिन नेमकं उलटं असताना बंद पडतं. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मर्लिन इंजिनलाही अशाच जातीचं दुखणं होतं. नाक एकदम खाली घातलं की ते अडखळायचं. बिअट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी 1941 मध्ये इंधनाच्या वाटेत एक छोटीशी भोकाची चकती बसवून ते बरंचसं आटोक्यात आणलं. इलेक्ट्रिक मोटरला यातलं काहीच नसतं, आणि शिकायला मी इलेक्ट्रिकच सुचवतो.

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी एनसीसीच्या एअर विंगमध्ये असेल तर कंट्रोल लाइन विमानं पाहिली असतील, दोन तारांवर गोल फिरणारी. त्या प्रकारातल्या कसरतींच्या एफ-टू-बी स्पर्धेत उलटं उडणं ही ठरलेली कसरत आहे आणि विमान जमिनीपासून साधारण दीड मीटरवर ठेवायचं असतं. उलट्या एलिव्हेटरची सवय लावायला त्यासारखा दुसरा स्वस्त शिक्षक नाही.

माणसांचं सांगतो, आणि इथे मी अजिबात सैल नाही. प्रॉपेलर मिनिटाला आठ-दहा हजार फेरे घेत असतो. 2013 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका तरुणाचा स्वतःच्याच आरसी हेलिकॉप्टरच्या पात्याने जीव गेला. आपण, आपले मित्र आणि गाड्या या सगळ्या एका रेषेच्या मागे, विमान कायम रेषेच्या पुढे. खालची उलटी फेरी स्वतःच्या दिशेने कधीच आणू नये. बांधावर शेळ्यांमागचं पोर किंवा कुतूहलाने आलेलं कुणी दिसलं तर विमान वर घेऊन थांबायचं. नियमांचं म्हणाल तर 2021 च्या ड्रोन नियमांत 25 किलोपर्यंतचं, नजरेच्या टप्प्यात आणि निव्वळ छंदासाठी उडवलेलं मॉडेल वेगळं मोजलंय आणि त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बनावटीच्या सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र, लागत नाही. पण कुठे उडवता येतं हे ठरवणारे झोन त्यालाही लागू आहेत. पुणे-मुंबईच्या आसपासचा बराच भाग रेड किंवा यलो या निर्बंध असलेल्या झोनमध्ये येतो, म्हणून मैदान ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघा.

राहिलं तुमचं ट्रेनर. सपाट पोटाचा पंख आणि वर वळलेली टोकं, म्हणजे डायहेड्रल, असेल तर उंचावर ते उलटं होईल, थोडा वेळ राहीलही. पण जे डायहेड्रल त्याला सुलटं असताना सांभाळतं तेच उलटं झाल्यावर त्याला कुशीवर लोटत राहतं. शिवाय स्टिक जवळजवळ पूर्ण ढकलून धरावी लागते, म्हणजे वाचवायला हातात काही शिल्लकच राहत नाही. त्यावर उलटं उडणं अनुभवा, खाली आणू नका. साधारण मीटरभर पंखाचं, सिमेट्रिकल किंवा सपाट पत्र्यासारख्या पंखाचं ईपीपी या लवचिक फोमचं थ्रीडी मॉडेल घ्या. ते आपटलं तर वाकतं, फाटलं तर मैदानावरच गोंदाने चिकटतं आणि पंधरा मिनिटांत पुन्हा हवेत जातं. बाल्साच्या हलक्या लाकडाचं सुंदर मॉडेल तोवर भिंतीवर राहू दे. तुमच्या ट्रेनरचं नाव आणि पंखाची लांबी खाली लिहिलीत तर त्याचेच सर्व्हो, रिसीव्हर आणि लिपो बॅटरी नव्या फोममध्ये चालतील का ते सांगतो.