काच बसवताना सोडायची फट

खिडकीच्या फुटक्या काचेबद्दल आलेले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. मूळ कृती पहिल्या उत्तरात सविस्तर दिली आहे, पुढची उत्तरे तिला जोडून वाचावीत.

प्रश्न : जुन्या लाकडी खिडकीच्या एका तावदानाला तडा जाऊन कोपरा निखळला आहे. तावदान साधारण ४५ बाय ६० सेंटिमीटरचे असून बाहेरून लांबी (खडूची पूड तेलात मळून केलेली, काच पक्की करायची पुट्टी) भरलेली आहे. सुतार न बोलावता ते बदलता येईल का? सामान किती आणावे?

उत्तर : येईल. हाताला काम अर्ध्या दिवसाचे आहे, पण मध्ये प्राइमर सुकायला एक रात्र जाते. त्या अर्ध्या दिवसातलाही निम्मा वेळ जुनी लांबी खरवडण्यातच जाणार, हे धरून चाला. झडप बिजागऱ्यांवरून उतरत असेल तर काचेला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी आडवी-उभी लावून ती उतरवा आणि टेबलावर आडवी ठेवूनच काम करा. वरच्या मजल्यावरची झडप उतरत नसेल तर बाहेर वाकून हे काम करू नका, ते कारागिराला द्या.

सामान असे : ४ मिमी जाडीची साधी काच (या मापाची पावणेतीन किलोच्या आसपास भरते), जवसाच्या तेलातली तयार लांबी अर्धा किलो, १५ ते २० मिमीचे बारीक बिनडोक्याचे खिळे डझनभर आणि लाकडाचे थोडे प्राइमर. लांबी प्रत्यक्षात ३०० ग्रॅमच्या आसपास लागते, पण पहिल्यांदा करणाऱ्याची थोडी वाया जातेच. हत्यारांत जुनी, बोथट झालेली पटाशी, लांबी ओढायची पोलादी पट्टी, पकड आणि लहान हातोडी. चामड्याचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल आणि पायांत बंद बूट यांत सूट नाही.

झडप जागेवरच ठेवून काम करणार असाल तर काच वरून खाली काढत या. आधी खालचे तुकडे काढले की वरच्याचा आधार जातो आणि तो सुरीसारखा सरळ खाली येतो. जुनी लांबी पटाशीने थोडी थोडी उडवा, एका घावात मोठा ढलपा काढायला गेलात तर काच जिच्यात बसते त्या खाचेची लाकडी कडही सोबत निघते. लांबीच्या पोटात गंजलेले खिळे लपलेले असतात, पटाशी एखाद्या जागी अडली तर जोर न लावता पकडीने खिळा उपटा. लांबी दगडासारखी झाली असेल तर हीट गनने मऊ होते, मात्र शेजारच्या तावदानाला आच लागली की तेही तडकते, म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसा धरा. रंगाचे थर फार जुने असतील तर त्यांत शिसे असू शकते. तिथे आच देऊ नका आणि कोरड्या काचकागदाने घासूही नका. पाणी शिंपडून ओलेच खरवडा.

खाच कोऱ्या लाकडापर्यंत साफ झाली की प्राइमरचा एक हात द्या. हा हात टाळणाऱ्यांचीच लांबी वर्षभरात भेगाळून गळते, कारण कोरे लाकूड तिच्यातले तेल शोषून घेते आणि मागे नुसता खडू उरतो.

माप घ्यायचे ते खाच साफ झाल्यावर, आधी नव्हे. रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा, उंचीही तीन ठिकाणी मोजा. दोन्हींतले सर्वांत लहान माप घ्या आणि त्यातून प्रत्येकी ३ मिमी वजा करा. दोन्ही कर्ण मोजून पाहा. त्यांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट कललेली आहे, तेव्हा आकडे न सांगता पुठ्ठ्याचा नमुना कापून काचवाल्याला द्या.

आता बसवणे. लांबी हातात मळून मऊ करा आणि खाचेच्या आतल्या पायरीवर चौफेर ३ मिमी जाडीचा थर द्या. खालच्या कडेला, दोन्ही कोपऱ्यांपासून पाव रुंदीवर, दीड मिमी जाडीच्या लाकडाच्या किंवा कडक प्लास्टिकच्या दोन चिपा ठेवा. काच त्यांच्यावर टेकवून कडांनी दाबा, मधोमध कधीही नाही. मागची लांबी पिळून २ मिमीच्या आसपास राहिली पाहिजे. मग दर १५ ते २० सेंटिमीटरवर एक खिळा, काचेला समांतर. काचेवर पुठ्ठा ठेवून हातोडी त्याच्यावरून सरकवत ठोका आणि खिळा ५ मिमी बाहेर राहू द्या. खिळ्याने काचेला जेमतेम स्पर्श करावा, तिला आवळू नये.

शेवटी बाहेरची लांबी. खाच दाबून भरा आणि पट्टी तिरकी धरून एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत एकाच ओढीत उतार काढा. ओढ मध्येच थांबली की तिथे पायरी पडते आणि त्या पायरीवर पाणी साचते. उताराची वरची कड आतल्या लाकडाच्या कडेपेक्षा १ ते २ मिमी खाली असू द्या, म्हणजे आतून लांबी दिसत नाही आणि रंगाला काचेवर चढायला जागा मिळते. काचेवरचे तेलाचे डाग खडूची कोरडी पूड मऊ ब्रशने फिरवली की निघतात.

लांबीवर साय धरायला एक ते तीन आठवडे लागतात. तोवर झडप आपटू देऊ नका. नंतर तैलरंग देताना तो काचेवर २ मिमी चढवा, पाणी अडवायचे काम ती रेघच करते.

प्रश्न : खाचेचे तंतोतंत माप देऊन काच कापून आणली. जरा घट्ट होती, पण हलक्या हाताने ठोकून बसली. दोन महिन्यांत कोपऱ्यातून तडा गेला. काच हलक्या प्रतीची असेल का?

उत्तर : काचेचा दोष दिसत नाही, तंतोतंत मापाचा आहे. ओल्या हवेत लाकूड फुगते, उन्हात काच आणि चौकट वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात, दार आपटले की चौकट किंचित वेडीवाकडी होते. हे सगळे ढकलणे आणि ओढणे लांबीने किंवा रबराने पचवायचे असते. काच चौकटीला थेट भिडली की सगळा ताण तिच्या कडेवर येतो. तिथे कापताना राहिलेली सूक्ष्म चीर असतेच आणि तडा तिथूनच निघतो. सुतार ‘एक सूत सोडा’ म्हणतात, ते याचसाठी. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिमीला किंचित जास्त. हे एकूण मापातून वजा करायचे, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमी मोकळीक मिळते. चौकटीत काच सैल असली पाहिजे. तिला धरून ठेवणे हे लांबीचे काम, लाकडाचे नव्हे.

आता ती काच कानशीने घासून लहान करायच्या फंदात पडू नका, नवी आणा.

प्रश्न : लांबीऐवजी सिलिकॉन चालेल का? भिंतीची उरलेली पुट्टी घरात आहे, ती वापरावी का?

उत्तर : भिंतीची पुट्टी नको, प्लास्टर ऑफ पॅरिसही नको. दोन्ही कडक आणि ठिसूळ होतात, चौकटीबरोबर हलत नाहीत, आणि प्लास्टर तर पाणी पिते.

सिलिकॉन चालते, पण अटींवर. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते धातूला खाते, म्हणून लोखंडी चौकटीत आणि दोन थर चिकटवलेल्या लॅमिनेटेड काचेला न्यूट्रल (आंबट वास न येणाऱ्या) प्रकारचेच घ्या. सिलिकॉनवर रंग धरत नाही. शिवाय पुढच्या वेळी काच बदलताना ते खाचेतून काढणे लांबीपेक्षा जास्त त्रासाचे असते. लाकडी खिडकीला लांबीच बरी. ती लावायची नसेल तर पातळ थरावर काच टेकवून बाहेरून १० मिमीची लाकडी बीडिंग पट्टी ४५ अंशांत कापून ठोका.

लांबी घरीही होते : १ किलो बारीक खडूच्या पुडीला साधारण १५० ते १८० ग्रॅम जवसाचे तेल, थोडे थोडे घालत मळायचे. हाताला चिकटली तर पूड वाढवा, चुरा पडला तर तेलाचे काही थेंब. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

प्रश्न : अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत लांबी दिसतच नाही, काच रबरात बसवलेली आहे. ती कशी काढायची?

उत्तर : पल्ला वर उचला, खालची कड रुळावरून आत घ्या आणि बाहेर काढा. उचलला जात नसेल तर वरच्या रुळात बसवलेला अटकाव काढा किंवा खालच्या चाकांचे स्क्रू फिरवून पल्ला थोडा खाली घ्या. घोंगडीवर आडवा ठेवून एका उभ्या पट्टीचे कोपऱ्यांतले स्क्रू काढा. लाकडी ठोकळा मध्ये धरून हलके ठोकले की ती पट्टी सुटते आणि काच रबरासकट सरकून येते. चारही पट्ट्या सुट्या करायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

जुनी काच अखंड असेल तर तिचेच माप घ्या. चुरा झाला असेल तर दिसणारी मोकळी जागा मोजा, दोन्ही बाजूंच्या खाचेची खोली मिळवा आणि दर बाजूला ३ मिमी वजा करा. समजा मोकळी जागा ५०० मिमी आणि खाच १२ मिमी खोल : ५२४ वजा ६, म्हणजे काच ५१८ मिमी.

रबर कडक झालेले असेल तर नवेच घ्या, दुकानात जाताना जुन्याचा तुकडा न्या. काचेच्या परिघापेक्षा ते दोन टक्के लांब कापा. ताणून बसवलेले रबर काही महिन्यांत आखडते आणि कोपरे उघडे पडतात. कोपऱ्यावर रबराच्या दोन्ही ओठांना, म्हणजे काचेला दोन बाजूंनी धरणाऱ्या कडांना, खाच द्या, पाठ अखंड राहू द्या. घट्ट वाटले तर साबणाचे पाणी लावा, तेल नको, त्याने रबर फुगते. आणि खालच्या रुळातली पाणी जाण्याची भोके सिलिकॉनने बुजवू नका.

प्रश्न : हिरकणी आणून काच घरीच कापावी का?

उत्तर : एका तावदानासाठी नको. काचवाला मापात कापून देतो आणि चुकली तर काच त्याची जाते. तरीही हौस असेल तर फुटक्या काचेच्या तुकड्यांवर आधी हात बसवा. काच धुऊन कोरडी करा, सपाट टेबलावर घोंगडीवर ठेवा. चाकाच्या कटरला रॉकेलचा थेंब लावा. चाक आणि कटरची कड यांत अंतर असते, ते आपल्या कटरवर मोजून पोलादी पट्टी तितकी अलीकडे धरा. रेघ एकदाच, एकसारख्या दाबाने ओढा. सरसर असा सलग आवाज आला पाहिजे. रेघेवर पांढरी पूड उडाली म्हणजे दाब जास्त झाला. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा जाऊ नका, त्याने चाकही बिघडते आणि काचही भलतीकडे तुटते. मग लगेच रेघेखाली पेन्सिल ठेवून दोन्ही बाजूंनी दाबा. टफन केलेली (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली) काच अशी कापता येत नाही, पहिल्याच प्रयत्नात तिचा चुरा होतो. ती मापानेच बनवून घ्यावी लागते.

प्रश्न : कुणाचा धक्का नाही, दगड नाही, तरी लोखंडी खिडकीची काच सकाळी तडकलेली दिसली. असे कसे होते?

उत्तर : नवी काच बसवण्याआधी तडा नीट पाहा, नाहीतर तीही जाईल. एका ठिपक्यापासून चहूकडे रेघा गेल्या असतील तर आघातच आहे, भले तो कुणी पाहिला नसेल. तडा कडेला काटकोनात सुरू होऊन पुढे नागमोडी गेला असेल तर कारण उष्णता. मधला भाग उन्हाने तापतो, चौकटीत दडलेली कड थंड राहते. काचेवर गडद फिल्म लावली असेल, किंवा आतून जाड पडदा अथवा कपाट टेकले असेल, तर हा फरक वाढतो.

लोखंडी खिडकीत तिसरे कारण जास्त संभवते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. खाचेत पापुद्रे धरले की काच हळूहळू दाबली जाते आणि एके दिवशी कोपऱ्यातून सुटते. तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत घासा, रेड ऑक्साइड प्राइमरचे दोन हात द्या आणि मगच माप घ्या. लांबी धातूच्या चौकटीसाठी बनवलेलीच वापरा. लाकडाची लांबी काही तेल लाकडाला देऊन आवळते, लोखंड ते पीत नाही, त्यामुळे ती आठवडेच्या आठवडे मऊ राहते.

प्रश्न : न्हाणीघरात नक्षीची काच लावायची आहे. नक्षी आत की बाहेर?

उत्तर : आत. बाहेर ठेवली तर खळग्यांत धूळ बसते, आणि लांबी गुळगुळीत बाजूवर जशी पाणी अडवते तशी नक्षीवर अडवत नाही. कापून घेतानाही रेघ गुळगुळीत बाजूनेच मारायला सांगा. खिडकी जमिनीलगत असेल किंवा पाय घसरून कुणी तिच्यावर पडण्याची शक्यता असेल, तर साधी काच न घेता टफन केलेली घ्या.