स्किझोफ्रेनिया असलेला भाऊ फक्त सीलबंद पाकिटातलंच खातो, रात्री उठून डबे रिकामे करतो. औषध जेवणात मिसळून द्यावं का?

नाही. मिसळू नका, आणि आधीच मिसळत असाल तर त्याच्या डॉक्टरांना आजच सांगा. खाण्याबद्दलच्या दोन प्रश्नांआधी या तिसऱ्यालाच हात घालते, कारण घरचं न खाण्याचं मूळ अनेकदा इथेच सापडतं.

जो माणूस "जेवणात काहीतरी घालतात" म्हणतोय, त्याच्या जेवणात तुम्ही खरोखरच काहीतरी घातलं, तर त्याचा संशय तुम्हीच खरा करून दिलात. मग कोणत्या तोंडाने सांगणार की असं काही नाही?

असंच एक घर. आई मुलाच्या दुधात गोळी कुटून घालायची. सुरुवातीला तो शांत झाला, झोपायला लागला, सगळ्यांना वाटलं जमलं. एके दिवशी पेल्याच्या तळाशी पांढरा चुरा राहिला. तो ओरडला नाही, भांडला नाही. पेला धुतला आणि दूध सोडलं. मग पातळ पदार्थ गेले, मग डोळ्यांआड शिजलेलं सगळंच गेलं. उरलं काय, तर सालातली केळी, कवचासकट उकडलेली अंडी आणि बंद पाकिटं. पाकीटसुद्धा लगेच फोडायचा नाही. शिवणीवरून अंगठा फिरवायचा, उजेडात धरून सुईचं भोक शोधायचा, मगच खायचा. वजन उतरायला लागलं. दूध बंद म्हणजे औषधही बंद, पण डॉक्टरांना सांगितलं जात होतं की गोळी रोज चालू आहे. त्यांनी गुण येत नाही म्हणून डोस वाढवला.

तिथे मार्ग निघाला तो आईने सरळ कबूल केल्यावर. "दुधात गोळी मीच घालत होते. यापुढे घालणार नाही." तो चिडला, पण ऐकून घेतलं. पुढे अंडी तोच उकडायला लागला. मग एकच भांडं टेबलाच्या मध्ये, ज्याने त्याने आपलं वाढून घ्यायचं, ताट त्याने निवडायचं, कोणी त्याच्या घासाकडे बघत बसायचं नाही. पातळ पदार्थ सगळ्यात शेवटी परत आले. औषधासाठी तो महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनला तयार झाला.

तुमच्याकडेही हेच करून बघा. त्याला आधी विचारा, "कशात काही असेल असं वाटतं, आणि कशात नाही?" ज्यात नाही वाटत, तिथून सुरुवात. वाद घालू नका, हो ला हो पण करू नका. "तुला भीती वाटतेय हे कळतंय, मी यात काही घातलेलं नाही," एवढं एकदा सांगून विषय सोडा. प्रत्येक घास आधी चाखून दाखवायची सवय मात्र लावू नका. एकदा सुरू झालं की चाखल्याशिवाय तो खाणारच नाही. संशय नसेल तर आवाज "खाऊ नकोस" म्हणतात का, दात दुखतोय का, की उठून वाढून घ्यायची उभारीच नाही, हेही बघा. उभारी नसलेल्या माणसाला ताट नेऊन दिलं की तो बहुतेकदा खातो.

लपवण्यात औषधाचंही नुकसान आहे. अर्धा कप उरला तर किती पोटात गेलं हे कोणालाच कळत नाही. रिस्पेरिडोन हे या आजारावरचं एक औषध, त्याचं पातळ रूप चहात किंवा कोलात घालायचंच नसतं, आणि लोक नेमकं चहातच घालतात. क्लोझापिन या दुसऱ्या औषधात ४८ तासांहून जास्त खंड पडला तर जुना डोस एकदम देता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावा लागतो. तो खंड पडल्याचं तुम्हाला कळणार कसं?

रात्रीच्या खाण्याचं थोडक्यात. तो ओलांझापिन किंवा क्लोझापिन या आजाराच्या औषधांवर असेल तर ही हावरेपणाची सवय नाही. ही औषधं भूक आवरणारे हिस्टामिन आणि सेरोटोनिनचे रिसेप्टर (मेंदूतल्या संदेश पकडणाऱ्या जागा) अडवतात, त्यामुळे पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही. स्वयंपाकघराला कुलूप लावू नका, संशयी माणसाला ते पुरावा वाटेल. संध्याकाळी अंडी, डाळी असं प्रथिनांचं पोटभर द्या, गोड पेयं घरात आणूच नका. आठवड्याला एकदा, सकाळी काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन घ्या. सुरुवातीच्या वजनाच्या ५ टक्के वाढ दिसली की औषध बदलणं किंवा मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध, वजनवाढ रोखायलाही देतात) यांबद्दल डॉक्टरांना विचारा. औषध स्वतःहून बंद करू नका. घाईघाईने, न चावता गिळत असेल तर लहान तुकडे करा आणि ताठ बसूनच खाऊ द्या. या आजारात घास अडकून जीव जाण्याचा धोका खरंच जास्त असतो.

पाणीही बंद केलं, किंवा घास तोंडात धरून तासन्‌तास न हलता बसला, तर त्याच दिवशी रुग्णालय. पाच दिवसांहून जास्त जवळजवळ उपाशी असेल तर घरी एकदम पोटभर खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने खाली येतं आणि हृदयावर बेततं. रुग्णालयात थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देऊन, रक्त तपासत हळूहळू सुरू करतात.

"आम्ही वर्षानुवर्षं चहातून देतोय, काही झालं नाही," असं सांगणारे तुम्हालाही भेटतील. त्यांना विचारा, तोंड कोरडं पडणं, हात थरथरणं, बद्धकोष्ठ यांची तक्रार तो माणूस कोणाकडे करणार? औषध चालू आहे हेच त्याला माहीत नाही. हां, निर्णयक्षमताच उरली नसेल तर काही वेळा डॉक्टर, फार्मासिस्ट आणि कुटुंब मिळून, लेखी नोंद करून, ठरावीक मुदतीपुरतं असं औषध देतात. तो त्यांचा एकत्र घेतलेला वैद्यकीय निर्णय असतो, आणि मुदत संपली की त्याचा फेरविचार होतो.