लँडिंगनंतर विमान गवतात गेलं. मुलीला परत बोलवावं का?

प्रश्न : माझी मुलगी कमर्शियल पायलटचं प्रशिक्षण घेते. मागच्या महिन्यात सोलोवर (एकटीने उडवताना) बाजूच्या वाऱ्यात लँडिंगनंतर तिचं सेसना १७२ धावपट्टी सोडून गवतात गेलं. इजा नाही, पण ती हादरली आहे. शिक्षण सोडवावं का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, लेक सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. एवढ्या एका प्रसंगावरून तिला परत आणू नका. मात्र कारण कळल्याशिवाय तिला पुन्हा एकटीने उडूही देऊ नका.

शिकाऊ मुलांकडून असं बऱ्याचदा घडतं. शेपटीच्या उभ्या पंखावर बाजूचा वारा आदळला की विमानाचं नाक वाऱ्याकडे वळू पाहतं. ते सरळ ठेवायचं पायांनी, रडर (शेपटीवरचं सुकाणू) हलवणाऱ्या पेडलवर. घाबरल्यावर मात्र हात मोटारीच्या स्टिअरिंगसारखा योक फिरवतात. जमिनीवर त्याने विमान वळत नाही, पंखांवरचे एलेरॉन (विमान एका बाजूला कलवणाऱ्या पट्ट्या) तेवढे हलतात. त्यात टाच उचलली गेली तर पेडलच्या वरच्या भागातला ब्रेक नकळत एकाच बाजूला लागतो आणि विमान आणखी भरकटतं. शिवाय चाकं टेकली की लँडिंग संपलं असं मुलांना वाटतं. खरं तर वेग उतरतो तसा रडर-एलेरॉनचा जोर ओसरतो, म्हणून एलेरॉन वाऱ्याच्या बाजूला वाढवतच न्यावे लागतात. हे सगळं सरावाने अंगवळणी पडतं.

तिला घेऊन चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरना भेटा. त्या दिवशी वारा किती नॉट (वाऱ्याच्या वेगाचं माप) होता आणि सोलोला कोणी सोडलं, ते विचारा. सेसना १७२ च्या पुस्तिकेत चाचणीत दाखवलेला बाजूचा वारा १५ नॉटचा आहे; शिकाऊसाठी मर्यादा त्याहून बरीच कमी हवी. इन्स्ट्रक्टर शेजारी बसून पुन्हा सर्किट (उड्डाण, धावपट्टीभोवती फेरी आणि लँडिंग) करून घेणार का? गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं) घेतला तर मुलांना बोलणी बसतात का, हेही आवर्जून विचारा. जिथे बसतात, तिथे मुलं फसलेलं लँडिंगही रेटतात. उडवाउडवीची उत्तरं मिळाली तर दुसरी संस्था बघा. परवान्याला एकूण २०० तास लागतातच, त्यातले काही तास या सरावात गेले तर बिघडत नाही.

एवढं करूनही ती धावपट्टीवर गोठत असेल, तर तिचं म्हणणं ऐका. भौतिकशास्त्र-गणित घेऊन बीएस्सी केली, तर एअरपोर्ट्स अथॉरिटीत एअर ट्रॅफिक कंट्रोलसाठी अर्ज करता येतो.