गंज, कल्हई की साय?

मिरजेच्या एका ताई रुग्णांसाठी माहितीपत्रक लिहितायत. हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या सळ्या आणि स्क्रू तापवून त्यांच्यावर संरक्षक थर तयार करतात, त्याला मराठीत काय म्हणावं, असं त्यांनी विचारलंय. 'औष्णिक ऑक्सिडीकरण' कुणाला कळत नाही, मग 'कल्हई' किंवा 'पाणी देणे' चालेल का?

कल्हई नको. कल्हईवाला पितळेचं पातेलं तापवतो, नवसागर टाकतो आणि कथील फिरवतो. म्हणजे पितळेवर दुसराच धातू बसतो. मुलामा काय, सोन्याचं पाणी काय, सगळं बाहेरून आणून चढवलेलं.

'पाणी देणे' मात्र मोह पडावा असं आहे, कारण रंग. ऊसतोडीच्या कोयत्याला पाणी देताना लोहार लालबुंद पात्याची फक्त धारेकडची बाजू पाण्यात बुडवतो आणि धार दगडावर घासून लख्ख करतो. मागच्या भागातली धग पुढे सरकते तशी धारेवर पिवळसर झाक येते, मग जांभळी, मग निळी. हवी ती झाक दिसली की पुन्हा पाण्यात. टायटॅनियम हवेत तापवलं तरी हेच रंग त्याच क्रमाने येतात. अजून तापवलं की राखाडी. दोन्हीकडे रंग येतो तो ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. पण लोहाराला तो रंग फक्त खूण म्हणून हवा असतो, त्याचं खरं काम पाण्यानं होतं. इथे पाण्याचा संबंधच नाही, थर हेच काम.

रसायनाच्या हिशेबात हा थर गंजाचाच भाऊबंद, धातू आणि ऑक्सिजन यांचा. फरक एवढाच की लोखंडाचा गंज भुसभुशीत, तो सुटतो आणि खालचं लोखंड उघडं पडतं. हा घट्ट बसतो आणि शरीरातल्या खारट द्रवांना धातूपर्यंत पोचू देत नाही. तरी 'सळीवर मुद्दाम गंज चढवला आहे' असं छापू नका, पेशंट टेबलावरून उठून जाईल!

माझं मत सायीला. साय दुधाचीच असते, ताप लागला की वर धरते. टायटॅनियमचंही तसंच. नुसत्या हवेतही त्यावर काही नॅनोमीटरचा थर आपोआप असतोच, ओरखडा गेला तर पुन्हा धरतो. ६००-७०० अंश सेल्सिअसला काही तास ठेवलं की तो शेकडो पटींनी जाड होतो. हाव धरून फार जाड केला तर पापुद्रे सुटतात.

मूळ मुद्दा नामापेक्षा क्रियापदाचा आहे. कल्हई 'लावतात', मुलामा 'चढवतात', पाणी 'देतात'. साय आणि खपली 'धरते'. म्हणून ताई, शीर्षकात 'औष्णिक ऑक्सिडीकरण' राहू द्या, पण खाली लिहा: 'ही सळी भट्टीत तापवलेली आहे. दुधावर साय धरते तसा तिच्यावर तिच्याच धातूपासून झालेला घट्ट थर धरला आहे. त्यामुळे ती शरीरात सहसा गंजत नाही.'

आणि इम्प्लांटला 'रोपण' म्हणणार असाल तर हेच क्रियापद पुढेही कामाला येईल. तासगावकडे द्राक्षाच्या कलमाबद्दल विचारतात तसं डॉक्टरांनाही एक्स-रे बघून विचारता येईल, 'धरलं का?'