छावणीत रडणाऱ्या बाईचा फोटो काढावा का, आणि त्यावर पोट भरेल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पूरग्रस्तांच्या छावणीत रडणाऱ्या बाईचा फोटो काढला म्हणून लोक अंगावर आले, त्यात तुमचं चुकलं का; आणि नोकरी सोडून पूर्णवेळ प्रेस फोटोग्राफर व्हावं का. दुसऱ्याचं आधी सांगतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

नोकरी सोडू नका. आम्ही सुरुवात केली तेव्हा रोल संपला की पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचो. पलीकडे कुणीतरी तो धुवायचा, दुसरा कुणी फ्रेम निवडायचा, तिसरा फोन करून विचारायचा, "ही बाई कोण? कुठली? काय गेलं तिचं?" एवढ्या नजरांखालून गेल्यावर फोटो छापला जायचा. ती माणसंच आता उरलेली नाहीत. अमेरिकेतल्या शिकागो सन-टाइम्स या दैनिकाने २०१३ मध्ये आपले सगळे २८ छायाचित्रकार एका फटक्यात घरी बसवले, त्यात पुलित्झर हे पत्रकारितेचं मोठं पारितोषिक मिळवलेले जॉन व्हाइटही होते, आणि बातमीदारांना आयफोनवर फोटो काढायचं प्रशिक्षण दिलं. आपल्याकडे एवढा गाजावाजा होत नाही. कुणी निवृत्त झालं की ती जागा भरायची नाही, संपलं. उद्घाटन, सत्कार, मंत्र्यांचे दौरे यांचे फोटो जिल्हा माहिती कार्यालयाकडून नाहीतर कार्यकर्त्यांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट येतात. तालुक्याच्या स्ट्रिंगरचं, म्हणजे नोकरीत नसलेल्या, कामापुरत्या बातमीदाराचं, फोटोमागचं मानधन बऱ्याचदा पेट्रोललाही पुरत नाही. मी स्वतः लग्नसराईवर घर चालवलंय, त्यात कमीपणा काही नाही.

पण यातून एक जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली आहे. जो विचार पेपरच्या डेस्कवर, म्हणजे संपादन विभागात, व्हायचा, तो आता छावणीच्या दारात उभं राहून तुम्हालाच करायचाय.

फोटो काढणं चूक नव्हतंच. पुरात माणसांचं काय झालं ते दिसायला हवं. पण तुम्हीच लिहिलंय की लांबून झूम करून चार फ्रेम मारल्या आणि निघालात. नाव विचारलं नाहीत. माझ्या मते लोक चिडले ते त्यामुळे.

तुमच्या प्रश्नावर इथे दोघांनी छायाचित्रकार केव्हिन कार्टरच्या फोटोचा दाखला दिलाय, भुकेने कोसळलेलं मूल आणि मागे टपलेलं गिधाड असलेल्या, "मुलाला उचलायचं सोडून फोटो काढला" म्हणून. त्याने गिधाड हाकललं होतं, असं तो सांगायचा. मला त्या फोटोत वेगळंच खटकतं. मार्च १९९३, सुदानमधलं आयोद. न्यूयॉर्क टाइम्सने २६ तारखेला तो छापला, फोटोओळीत "लहान मुलगी" असं होतं. तिचं पुढे काय झालं, असं इतक्या वाचकांनी विचारलं की चार दिवसांनी पेपरला खुलासा द्यावा लागला: ती उठून चालू लागली होती, पण अन्नकेंद्रापर्यंत पोचली का, ते माहीत नाही. पुढच्या वर्षी फोटोला पुलित्झर मिळालं. २०११ मध्ये एका स्पॅनिश दैनिकाचा बातमीदार त्या गावात गेला, घरच्यांना भेटला, तेव्हा कळलं की ती मुलगी नव्हतीच, मुलगा होता. त्या दुष्काळातून तो वाचला आणि बातमीदार तिथे पोचण्याच्या काही वर्षं आधी तापाने गेला. फोटो मोठा करून बघा: उजव्या मनगटावर अन्नकेंद्राची प्लास्टिकची पट्टी दिसते. म्हणजे त्या मुलाची नोंद आधीच झाली होती. फोटोओळीत मात्र त्यातलं काहीच आलं नाही.

म्हणून, फ्रेम मिळाली की कॅमेरा खाली करा आणि त्या माणसाजवळ जाऊन बसा. कुठल्या पेपरचे ते सांगा, नाव-गाव वहीत लिहा, स्क्रीनवर फोटो दाखवा. नको म्हणाली तर पाठवू नका, तिच्या एका चेहऱ्यावाचून बातमी अडत नाही. (बोटीतून हात हलवत फिरणाऱ्या पुढाऱ्याला मात्र काही विचारायची गरज नाही.) फोटो छापून आल्यावर आपण दुसऱ्या गावाला जातो, त्या माणसाला तिथेच राहायचं असतं. २००२ च्या अहमदाबादमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या अर्को दत्तांनी टिपलेला, हात जोडून जिवाची भीक मागणारा शिंपी आठवतोय? फोटो खरा होता आणि छापायलाच हवा होता. पण तो माणूस बहिणीकडे मालेगावला आला, काम मिळालं, तिथे कुणीतरी तो फोटो ओळखला आणि काम गेलं.

लैंगिक अत्याचाराच्या बातमीत तर प्रश्नच नाही. पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, मूल असेल तर पॉक्सोचं, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ आहेच. नुसता चेहरा धूसर करून भागत नाही. घराचं दार, शाळेचा गणवेश, आईचा चेहरा, गावात एवढं पुरतं.

फोटो काढल्यावर संगणकावर आभाळ गडद करायचा मोह टाळा. २००६ मध्ये रॉयटर्सच्या एका फ्रीलान्सरने बैरूतवरचा धूर फोटोशॉपमध्ये वाढवला. एजन्सीने त्याचे सगळे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले. मूळ फाइल जपा, कार्ड लगेच फॉरमॅट करू नका. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझांनी सीएसटीवर टिपलेला कसाबचा फोटो पुढे खटल्यात पुरावा झाला आणि डिसूझांनी कोर्टात साक्ष दिली. तुमच्या पुराच्या फोटोच्या आधारेही उद्या कुणी नुकसानभरपाई मागू शकतं.

राहिला हक्काचा मुद्दा, जो तुम्ही विचारला नाहीत. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. पेपरात नोकरीला असाल तर छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकीचा तुमचा, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. कुणी पैसे देऊन काढून घेतलेला फोटो त्याचा, तुम्ही आपणहून काढलेला तुमचा. हल्ली सगळेच हक्क लिहून घेणारा कागद पुढे करतात. तो कागद रात्री घरी आणून वाचा, तिथल्या तिथे सही करू नका.